देवावर भार टाकायचा, की पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरायचं?

माटोळी:
चवथीला गोव्यात वाळपईकडच्या घरी होतो. काकांनी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळा-पानांच्या छताचं, सामान दोन दिवस रानात फिरून जमवलं. कांगलां, आंबाडे, सुपारीचं शिपटं, सगळं. मी फोंड्याच्या बाजारात याच वस्तूंना पैसे मोजतो, आणि घासाघीस करायलाही लाजतो. काकांकडे कपड्यांचे दोन जोड, एक सायकल आणि अंगणात तुळस. रात्री देवाला गाऱ्हाणं घालतात आणि पाच मिनिटांत घोरायला लागतात. मी फ्लॅटचा हप्ता, गाडीचा हप्ता डोक्यात घेऊन दोन वाजेपर्यंत जागा. मला वाटतं आपण देवावरचा भरवसा काढून वस्तूंवर ठेवला, आणि वस्तू काही तो पेलत नाहीत. तुम्हाला काय वाटतं?

टिप्पर:
काकांचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, आहे ना? मग झोप लागणारच. आम्ही डिचोलीचे. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा भावाचे दोन टिप्पर दारात उभे होते, दोन्ही कर्जाचे. आईने सातेरी देवीला नवस केला, सोमवार धरले. बँकेचा माणूस मात्र मंगळवारी आला. असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी म्हणायला आधी खाटलं तरी स्वतःचं लागतं.

माटोळी:
टिप्परबाब, वाईट वाटून घेऊ नका, पण हे माझ्याच बाजूचं झालं. खाण कायमची असं धरून अख्ख्या गावाने ट्रक घेतले. तो भरवसा वस्तूवरचाच होता.

टिप्पर:
ट्रक घेतला नसता तर बहिणीचं लग्न कशावर झालं असतं? माटोळीवर?

अंत्रूज:
जरा मागे जाऊया. १५६० च्या सुमारास पोर्तुगीज लोकांना बाटवायला लागले तेव्हा कुठ्ठाळीहून मंगेशाला नदीपार फोंड्याकडच्या प्रियोळला आणलं. आपले पूर्वज घरं, शेतं, भाटं (माडांच्या बागा) सोडून निघाले, सोबत घेतला तो देव. संपत्तीवर जीव असता तर बाटून तिथेच राहिले असते. मागे राहिलेल्यांना मी नावं ठेवत नाही, त्यांची अडचण त्यांना ठाऊक. पण फोंड्यातली निम्मी देवळं या निवडीवर उभी आहेत.

टिप्पर:
आणि १७३९ साली पेशव्यांनी त्याच मंगेशाला गाव इनाम दिलं. देवालासुद्धा उत्पन्न लागलं की हो.

अंत्रूज:
दिवाबत्तीसाठी लागलं. देवाने स्वतः नाही मागितलं.

सोलकढी:
पुरुषमंडळींचं चालू द्या, मला दोनच प्रश्न आहेत. पहिला, काकांच्या घरात पावसाळ्याआधी पुरुमेंत भरतात की नाही? शब्द पोर्तुगिजांचा असेल, पण पावसाची भीती आपलीच. आमच्याकडे मे महिन्यात माळ्यावर कांद्यांच्या माळा, सोलं, चिंचेचे गोळे, हरमलच्या मिरच्या, सुके बांगडे. बांगड्यांच्या वासाने पाहुणा दारातूनच परत जाईल! एवढं सगळं भरून मग आजी म्हणायची, "आता देव बघून घेईल." 'आता' म्हणायची, आधी नाही. देवावर तिचा विश्वास तुमच्याहून कमी नव्हता.
दुसरा, दोन जोड कपड्यांत राहणाऱ्या माणसाचे ते दोन जोड रोज धुतं कोण? काकांच्या साधेपणात काकी कुठेच दिसली नाही मला.

माटोळी:
हा फटका बसला. धुते काकीच. पुरुमेंतही तीच भरते. पण माझा मुद्दा साठवण्याचा नव्हताच, वर्षभराच्या मिरच्या वेगळ्या आणि तिसरा फ्लॅट वेगळा.

सोलकढी:
मग तसं लिहायचं ना. 'वस्तू' म्हटलंत.

माटोळी:
मान्य. एक राहिलं. २०२१ च्या जुलैत म्हादई नदीचं पाणी चढलं तेव्हा काकांच्या घरात कमरेएवढं पाणी होतं आणि मागची मातीची भिंत बसली. काकांनी देव टोपलीत घालून डोक्यावर घेतले. काकीने तांदळाचा डबा आणि मिरच्यांची बरणी उचलली. घराची कागदपत्रं कोणालाच आठवली नाहीत, ती वाहून गेली आणि पुढे पंचनाम्याच्या वेळी त्यावरून चार खेपा झाल्या. त्या रात्री देवळात झोपले, तेव्हाही काका घोरत होते असं काकी सांगते. कौतुकाने सांगते की वैतागून, मला अजून कळलेलं नाही.

सोलकढी:
मला कळलं.

टिप्पर:
भरपाई मिळाली?

माटोळी:
अर्धी भिंत होईल इतकी. बाकी गावाने हात लावला. चिरे एका टिप्परवाल्याने फुकट आणून टाकले. काका म्हणतात, देवानेच पाठवला.

टिप्पर:
डिझेल कोणी घातलं ते विचारा काकांना.