ग्रीक गणितात बायका नव्हत्या, की नोंदींतून गेल्या?

रेघोटी: 'त्यांना शिकूच देत नव्हते' हे नेहमीचं उत्तर मला अपुरं वाटतं. शिकलेल्या बाईचं नाव टिकू न देणं हा त्याहून मोठा अडथळा. पॅन्ड्रोसिऑन इ.स. चौथ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात गणित शिकवायची. तिथल्याच गणितज्ञ पॅपसने आपल्या 'संग्रह' या ग्रंथाचा तिसरा भाग तिलाच उद्देशून लिहिला आणि तिच्या विद्यार्थ्यांच्या रीतीवर टीका केली. हस्तलिखितात संबोधन स्त्रीलिंगी आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रीडरिश हुल्चने आवृत्ती काढताना ती चूक समजून ते पुल्लिंगी केलं. इतकी शतकं टिकलेली बाई एका संपादकाने पुरुष करून टाकली!

दिगंत: असहमत. हुल्च जर्मन, त्याचं खापर ग्रीकांवर का? पॅपसने तर तिची दखल घेतली. प्लेटोच्या अकादमीत लास्थेनिया आणि अक्सिओथिआ या दोघी शिकत होत्या. 'रिपब्लिक'च्या पाचव्या भागात तो राज्यरक्षक स्त्रियांना पुरुषांसारखंच शिक्षण द्या म्हणतो. आणि भूमिती मुळात मूठभर सधनांची होती, गरीब पुरुषाला तरी कुठे मिळत होती?

मंजिरी_क: दिगंत, अक्सिओथिआ पुरुषांचे कपडे घालायची, हेही तिच्याबद्दलच्या जुन्या नोंदीत आहे. ते का सोडलंत? आणि गरिबीचं म्हणाल, तर प्लेटोच्याच 'मेनो' संवादात सॉक्रेटिस चक्क एका गुलाम मुलाकडून चौरस दुप्पट करवून घेतो. तो मुलगा निदान समोर उभा होता! झेनोफोनच्या 'इकॉनॉमिकस' या घरकारभारावरच्या पुस्तकातली, इस्खोमाखस या सधन गृहस्थाची बायको बघा. सासरी आली तेव्हा १५ वर्षांचीही नव्हती, आणि तोवर तिला वाढवलं ते कमीत कमी पाहावं, कमीत कमी ऐकावं, कमीत कमी विचारावं म्हणून. प्रश्नच विचारायचे नाहीत तर सिद्धता कुठून येणार? हे सधन घरातलं आहे बरं का.

दिगंत: तुम्ही प्लेटो-झेनोफोनचं अथेन्स आणि पॅपसचं अलेक्झांड्रिया एकत्र करताय, मधे सातशे वर्षं आहेत. अलेक्झांड्रियाचीच गणितज्ञ हायपेशिया, तिच्याकडे पुढे बिशप झालेल्या सिनेसियससारखे विद्यार्थी शिकले. इ.स. ४१५ मधली तिची हत्याही राज्यपाल ओरेस्टेस आणि बिशप सिरिल यांच्या सत्तासंघर्षात झाली, गणितामुळे नाही.

रेघोटी: हत्येबद्दल मान्य. पण डायोफँटस आणि अपोलोनियस या गणितज्ञांवरची तिची भाष्यं आज तिच्या नावाने हातात नाहीत. 'अल्माजेस्ट' या टॉलेमीच्या खगोलग्रंथावरच्या भाष्याच्या तिसऱ्या भागात तिचं नाव आहे, कारण ते वडिलांनी, थिऑनने, शीर्षकात लिहिलं. पॅन्ड्रोसिऑन टीकाकारामुळे उरली. ना वडील, ना टीकाकार, तरी नाव राहिलं अशी एक बाई सांगा.

दिगंत: कायरिनीची टॉलेमाइस. संगीताच्या पायथागोरियन सिद्धांतावर तिने लिहिलं, आणि ग्रीकांच्या लेखी ते गणितच. तत्त्वज्ञ पॉर्फिरी टॉलेमीच्या 'हार्मोनिक्स'वरच्या भाष्यात तिचे उतारे तिच्या नावानिशी देतो.