शाळा संपल्यावर पुढे काय? दिव्यांग विद्यार्थ्यांचं प्लॅनिंग कुठून सुरू करू

वर्गशिक्षिका
नमस्कार मंडळी. मी हायस्कूलला शिकवते, स्पेशल एज्युकेशनचं ट्रेनिंग झालेलं नाही पण वर्गात सगळ्या प्रकारची मुलं असतात आणि यंदा त्यातल्या दोघांचा विचार डोक्यातून जातच नाहीये. एक मुलगी जन्मापासून अंध, अभ्यासात तेज, तिला पुढे शिकायचंय. दुसरा मुलगा, त्याला बौद्धिक अक्षमता आहे आणि ऑटिझमही, बोलतो कमी पण एकदा काम समजलं की चुकत नाही, वर्गातलं पुस्तकांचं कपाट तोच लावतो, नंबरप्रमाणे, आणि कुणी विस्कटलं तर मधल्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी परत लावतो. दोघांची शाळा अजून दोन वर्षांनी संपेल.

प्रॉब्लेम असा की मुलाच्या मीटिंगला आम्ही सगळे बसतो आणि अख्खी मीटिंग त्याला काय जमत नाही यावरच जाते, तो शेजारी बसून ऐकत असतो. आई म्हणते शाळा संपली की घरी राहील, आम्ही आहोत ना. मला हे पटत नाही पण मग दुसरं काय सांगू तेही कळत नाही. आणि मुलीबद्दल सगळे म्हणतात हुशार आहे, होईल काहीतरी. म्हणजे एकाचं काही होणारच नाही आणि दुसरीचं आपोआप होईल, असं कसं चालेल? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा, सुरुवात कुठून करायची?

पाऊलवाट
ताई, मी विशेष शिक्षक आहे, बरीच वर्षं हेच काम करतोय. आधी ती मीटिंग बदला. मुलाबद्दल बोलणं बंद आणि मुलाशी बोलणं सुरू. बोलतो कमी म्हणता ना, मग फोटो घ्या. आत बसून करायचं काम, बाहेरचं काम, गर्दीची जागा, शांत जागा, एकट्याने करायचं, चारजणांत करायचं, असे फोटो. एकावेळी दोनच समोर ठेवायचे आणि आवडेल तो उचलायला सांगायचं. पण एका बैठकीवर विश्वास ठेवू नका, काही मुलं सवयीने कायम उजव्या हाताचाच फोटो उचलतात, म्हणून डावं उजवं अदलाबदल करून वेगळ्या दिवशी परत विचारायचं. आणि तो फोटो ज्या कामाचा आहे ते काम त्याने कधी केलेलंच नसेल तर त्याची आवड निवड तरी कशी कळणार, म्हणून आधी थोडं थोडं करायला द्या मग विचारा.

यातून एक पानाचा कागद तयार होतो. मला काय आवडतं, काय चांगलं जमतं, कशाने त्रास होतो, मला मदत कशी करायची. पुढच्या मीटिंगची सुरुवात त्याने तो कागद दाखवून करायची, बोलला नाही तरी चालेल, बोट ठेवून दाखवेल. मोठ्यांनी त्यानंतर तोंड उघडायचं. खरं सांगतो, खोलीतल्या माणसांची बोलायची पद्धतच बदलते.

मग शाळा संपल्यानंतरचा पहिला सोमवार डोळ्यासमोर आणा. सकाळी उठून तो कुठे जाणार, कसा जाणार, दिवसभर कोण भेटणार, हातात पैसे असले तर खर्च कोण करणार, दुपारी पोटात दुखलं तर कुणाला सांगणार. हे सगळं लिहून काढा आणि तिथून मागे मागे येत आजपर्यंत या. दोन वर्षं भरपूर वाटतात पण एकट्याने बसने जायला शिकायलाच कित्येक महिने जातात, त्यात बस चुकली तर काय करायचं हा भाग वेगळा शिकवावा लागतो आणि सगळे नेमका तोच विसरतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, शाळेत असतानाच खऱ्या जागी खरं काम. शिकताना प्रत्यक्ष कामाचा, त्यातही पगारी कामाचा अनुभव मिळालेली मुलं पुढे नोकरीत टिकण्याची शक्यता जास्त असते, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. अमेरिकेत सिनसिनाटीच्या मुलांच्या हॉस्पिटलमधे 1996 ला प्रोजेक्ट सर्च नावाचा कार्यक्रम सुरू झाला. तिथल्या इमर्जन्सी विभागात सामान वेळेवर भरून ठेवायला भरवशाची माणसं टिकत नव्हती, आणि विभागप्रमुख असलेल्या एरिन रील या नर्सबाईंना वाटलं की हे काम बौद्धिक अक्षमता असलेले तरुण नीट शिकू शकतील. पुढे त्याचं शाळेच्या शेवटच्या वर्षाचं मॉडेल झालं, मुलं ते अख्खं वर्ष कामाच्या जागीच जातात, आलटून पालटून वेगवेगळ्या विभागात शिकतात, शिक्षक तिथेच असतात. आज अनेक देशांत चालतं. तुमच्या पोराचं कपाट आठवा ताई, त्याने स्वतःच सांगितलंय त्याला काय आवडतं.

सरळरेघ
ऐकायला छान आहे पण मला वाटतं आधी बेसिक पक्कं करावं. पैसे मोजणं, घड्याळ, लोकांशी बोलणं हे आलं नाही आणि मुलाला कामावर पाठवलं तर त्याचाच अपमान होईल. तयारी झाल्यावर पाठवा.

पाऊलवाट
@सरळरेघ तुमची काळजी रास्त आहे, अपमान होऊ नये हे मलाही वाटतं. पण या मुलांना एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी वापरणंच अवघड जातं. वर्गात खोट्या नोटा शंभर वेळा मोजल्या तरी दुकानात गोंधळ होतो, कारण जागा वेगळी, आवाज वेगळा, समोरचा माणूस वेगळा. तयारी होऊ दे म्हणत म्हणत पंचवीस तीस वर्षांची माणसं अजून तयारीच करत बसलेली मी पाहिलीत. म्हणून सपोर्टेड एम्प्लॉयमेंटची पद्धत आली, 1980 च्या दशकापासून, आधी कामावर घ्या आणि तिथेच शिकवा, सोबत जॉब कोच असतो.

कोच काय करतो ते सांगतो. समजा लायब्ररीत परत आलेली पुस्तकं लावायचं काम आहे. आधी कोच स्वतः ते काम करून बघतो आणि तुकडे पाडतो. ट्रॉली घे, वरचं पुस्तक उचल, पाठीवरचा नंबर बघ, त्या नंबरचं कपाट शोध, आधीचा आणि नंतरचा नंबर बघ, मधे ठेव. मग मुलगा कुठल्या तुकड्यावर अडतो तेवढंच शिकवायचं. आधी हात धरून, मग बोट दाखवून, मग नुसतं शेजारी उभं राहून, मग लांब उभं राहून. लांब होणं फार महत्त्वाचं आहे, नाहीतर मुलगा पुस्तकाकडे न बघता कोचच्या चेहऱ्याकडे बघूनच काम करायला लागतो. आणि अडला की विचारायचं कुणाला, तर तिथल्याच एका सहकाऱ्याला, हे पहिल्या आठवड्यापासून ठरलेलं हवं, कारण कोच एक दिवस जाणार आहे आणि तो माणूस राहणार आहे. पैसे मोजणं वगैरे सोबत चालू राहू दे की, कोण नको म्हणतंय, पण त्यासाठी काम अडवून ठेवू नका.

श्राव्य
मी स्वतः अंध आहे, कॉलेज करून नोकरी करतेय, तर मुलीबद्दल मी बोलते. होईल काहीतरी हे वाक्य मीही खूप ऐकलं. हुशार मुलीचा घोटाळा असा होतो की शाळेत सगळं बाकीचे करून देतात. पुस्तकं कुणीतरी स्कॅन करून देतं, लेखनिक शाळा बघते, जास्तीचा वेळ सर मागून घेतात. कॉलेजात गेल्यावर बहुतेक ठिकाणी हे तिलाच मागावं लागतं, कागदपत्रं तिनेच द्यायची, आणि मागितलं नाही तर कुणी विचारायला येत नाही. म्हणून आत्तापासून मागण्याची प्रॅक्टिस. पुढच्या परीक्षेला काय काय लागणार याचा ईमेल तिला स्वतःला लिहू दे, तुम्ही फक्त वाचा.

कॉम्प्युटर तिचा स्वतःचा झाला पाहिजे. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, 2006 साली ऑस्ट्रेलियातल्या मायकल करनने सुरू केला, मग जेम्स तेह सामील झाला, दोघेही अंध. नुसतं वाचून घेता येणं पुरेसं नाही हं, लांब लेख लिहिणं, हेडिंगवरून उड्या मारत पान चाळणं, एक्सेलचे तक्ते, अटॅचमेंट पाठवणं, हे सगळं माऊसशिवाय यायला हवं. ब्रेल सोडू देऊ नका, ऐकून ऐकून स्पेलिंग आणि गणिताची मांडणी डोक्यात बसत नाही, ते बोटांखालीच बसतं.

आणि कॉलेज निवडताना तिने स्वतः जाऊन बघावं, शक्य झालं तर गर्दीच्या वेळी. पांढरी काठी घेऊन गेटपासून वर्गापर्यंत, वर्गापासून बाथरूमपर्यंत, तिथून लायब्ररीत. तिथल्या ऑफिसला विचारायचे प्रश्न तिच्याच तोंडून. पुस्तकं वाचता येतील अशा फाईलमधे सत्र सुरू व्हायच्या आधी मिळतात का नंतर? प्रॅक्टिकलला काय सोय? आधी कुणी अंध विद्यार्थी शिकून गेलाय का आणि त्याच्याशी बोलता येईल का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात जास्त सांगून जातं.

चाकांवर
थोडक्यात भर. व्हीलचेअरवाल्या मुलांसाठी जाणार असाल तर रॅम्प आहे एवढ्यावर खूश होऊ नका, उतार बघा. निदान 1:12 हवा, म्हणजे 1 फूट चढायला 12 फूट लांबी. त्याहून तिरका असला की एकट्याला चढवत नाही. आणि लिफ्टची किल्ली कुणाकडे असते ते विचारा.

एक बाबा
त्या मुलाच्या आईबद्दल लिहायचं होतं. आम्ही आहोत ना, हे त्यांचं वाक्य मी आणि माझी बायको दोघंही म्हणायचो, ते प्रेमातूनच येतं ताई, त्यांना चूक ठरवू नका. फक्त हळूच विचारा की तुम्ही नसाल तेव्हा कोण. रात्री झोपताना हा प्रश्न त्यांच्याही मनात येतच असणार, फक्त मोठ्याने बोलायला कुणी मिळत नाही.

आमचा मुलगाही असाच आहे, आता मोठा झाला. शाळा संपली आणि एकदम सगळंच थांबलं, मित्र नाहीत, वेळापत्रक नाही, थेरपी नाही, आणि तो चिडायला लागला. लोकांना वाटलं वय वाढलं म्हणून चिडतो, खरं तर दिवस रिकामा झाला होता. त्यामुळे कामाइतकंच माणसांचं प्लॅनिंग करा, आठवड्यातून एकदा तरी घरच्यांशिवाय कुणाला तरी भेटेल असं काहीतरी शाळेत असतानाच सुरू करा आणि शाळेनंतर ते तसंच चालू ठेवा.

डॉक्टरचंही बघा. मुलांचे डॉक्टर एका वयानंतर बघत नाहीत, मोठ्यांच्या डॉक्टरांना त्याचा इतिहास माहीत नसतो, तर आधीच एकदा भेट घालून द्यावी आणि सगळं दोन पानांत लिहून ठेवावं, औषधं, फिट येते का, दुखतं तेव्हा तो कसं दाखवतो. आमचा मुलगा दात दुखला की कान धरतो, हे नव्या डॉक्टरला कसं कळणार?

आणि 18 वर्षं झाली की कायद्याने तो मोठा. सही, बँक, पालकत्व हे प्रश्न येतात. प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत, आपापल्या ठिकाणच्या वकिलाला विचारावं. पण संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार आहे, 2006 चा, त्याचं कलम 12 असं सांगतं की अपंग माणसालाही कायद्यापुढे इतरांइतकाच निर्णयाचा हक्क आहे आणि निर्णय घ्यायला लागेल ती मदत त्याला मिळाली पाहिजे. म्हणून सगळे हक्क काढून घेण्याआधी मदत देऊन काय काय जमतं ते बघा. शर्ट कुठला घालायचा, सुट्टीत काय करायचं, इथून सुरू करा. घरात ज्याला कधी काही विचारलंच नाही तो बाहेर जाऊन काय निवडणार?

वर्गशिक्षिका
सगळ्यांचे मनापासून आभार, श्राव्य ताई तुमचा रिप्लाय मुलीला वाचून दाखवणार, नाही, लिंकच पाठवते, तिचं तिला वाचू दे. पाऊलवाट सर, शाळेच्या लायब्ररीयन मॅडमशी बोलले, तासभर यायला हरकत नाही म्हणाल्या. एक विचारायचं राहिलं, बाहेर कामाला गेला तर तिथल्या लोकांना त्याच्याबद्दल काय आणि किती सांगायचं?

पाऊलवाट
मस्त! फक्त तासभर नुसतं बसवून ठेवू नका, त्याचं काम ठरलेलं हवं आणि ते खरंच लागणारं हवं. सांगायचं किती ते आधी त्याला आणि घरच्यांना विचारून. निदानाचं नाव सांगायचं की नाही हा त्यांचा निर्णय. सहकाऱ्यांना उपयोगी माहिती वेगळीच असते, एकावेळी एकच सूचना द्या, उत्तराला थोडा वेळ द्या, कामात बदल असेल तर आदल्या दिवशी सांगा, मोठा आवाज झाला की तो दोन मिनिटं बाहेर जाऊन येईल, मागे जाऊ नका. एवढं त्या एक पानाच्या कागदावरच असतं, तोच त्याला स्वतः द्यायला सांगा.

वर्गशिक्षिका
हे जमेल. बाबा, त्याच्या आईला तुमच्याशी बोलायला सांगितलं तर चालेल का?

एक बाबा
चालेल काय, जरूर सांगा, मला इथे मेसेज करा मी नंबर देतो. संध्याकाळी सातनंतर फोन करायला सांगा, तेव्हा मुलगा कामावरून आलेला असतो, त्याच्याशीही बोलतील.