जुनी एमजीबी मूळ रूपात आणायची आहे, मराठवाड्यात सुरुवात कुठून करू?

परभणीकर:
नमस्कार मंडळी. परभणीजवळ आमच्या गावच्या वाड्यात काकांची एमजीबी उभी आहे, ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स मोटार, उघडी, दोन सीटची. काका डॉक्टर होते. विलायतेतून शिकून येताना त्यांनी ती बोटीनं मुंबईला आणली होती. ते गेल्यापासून ती ढेलजेतून बाहेर निघालेली नाही. वर ताडपत्री आणि शेजारी कडब्याची गंजी. दाराची हँडलं ओढायची आहेत, बटणाची नाहीत. चेसिस नंबर जीएचएन३ असा सुरू होतो. कार्पेट उचललं की खालचा पत्रा हातात येतो. वायरिंग उंदरांनी खाल्लंय. मध्ये कधीतरी कुणीतरी लाल रंग मारलाय.

इथले एक मिस्त्री म्हणतात, मारुतीचं इंजिन बसवू, पॉवर स्टिअरिंग टाकू, लगेच पळती करून देतो. मला ती काकांनी आणली तशीच हवी आहे. पैसा टप्प्याटप्प्यानं घालीन. कोणती कामं संभाजीनगरला होतील, बाहेरून काय मागवावं लागेल आणि आधी कशाला हात घालू, ते सांगा.

वाळूज_फिटर:
दादा, मारुतीच्या इंजिनाचं नाव काढू नका. तुमच्या गाडीतलं १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन लोखंडी आहे, पुशरॉडचं, साधं. आपल्याकडं ज्यानं ट्रॅक्टरची इंजिनं बांधली त्याला ते पहिल्या दिवशी समजतं.

आधी इंजिन नंबर बघा. १८जीबीनं सुरू होत असेल तर क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला, पाच मेन बेअरिंग. १८जी किंवा १८जीए असेल तर तीन, म्हणजे १९६४च्या शरद ऋतूआधीची गाडी. ओढायची हँडलं १९६५मध्ये बंद झाली. पाच बेअरिंग आणि ओढायचं हँडल अशी जोडी निघाली तर गाडी त्या थोड्याच महिन्यांतली.

आणि सेल्फ मारू नका! कुणी कितीही म्हणालं तरी. चारही प्लग काढा, सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडा, मुरू द्या, मग क्रँक हातानं फिरवा. अडली तर जोर लावू नका, हेड उतरवा. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग, सस्पेन्शनचे बुश हे सगळं संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाण्यात होतं. दुचाकी आणि मोटारींचे सुटे भाग बनवणारे इतके लेथवाले इथं आहेत की त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही. हेड उतरवलंच तर एक्झॉस्टला कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या. ही इंजिनं शिसं असलेल्या पेट्रोलवर बेतलेली आहेत आणि ते पेट्रोल आपल्याकडं २०००पासून मिळत नाही.

पत्रा_आणि_पाना:
इंजिनाचं वरचं सगळं बरोबर, पण इंजिन दुसऱ्या नंबरवर ठेवा. खरा प्रश्न पत्र्याचा आहे.

एमजीबीला वेगळी चेसिस नाही. उघड्या गाडीला छतही नाही. त्यामुळं पुढची आणि मागची गाडी जोडून धरायचं काम दाराखालच्या पेटीसारख्या सिलवर पडतं. सिल आत-बाहेर थरांची असते: बाहेरचा पत्रा, मधला पडदा, आतली सिल आणि खालची रेल. बाहेरून तुम्हाला एकच थर दिसतो. मराठवाड्याची हवा कोरडी, म्हणून लोक गाफील राहतात. पण चाकांनी उडवलेला चिखल पुढच्या मडगार्डमागं साठतो, ओल धरतो आणि सिल तिथून आतल्या आत सडते. शिवाय तुमची गाडी आधी विलायतेत चाललेली आहे आणि तिकडं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात.

परीक्षा सोपी आहे. दार लावा आणि त्याच्या मागच्या कडेची फट बघा. मग त्या बाजूच्या जॅकिंग पॉइंटखाली जॅक लावून हळूच उचला. फट बदलली किंवा दार अडकलं तर सिल गेली. लोहचुंबकही फिरवा. जिथं चिकटत नाही तिथं पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

आता महत्त्वाचं. सिल कापायच्या आधी दाराच्या चौकटीत लोखंडी आडवे पाइप टाकून ती जखडायची, गाडी सपाट जमिनीवर एकसारखी टेकवायची आणि एकावेळी एकच बाजू करायची. हे न करता कापली की गाडी मधून वाकते आणि मग दार जन्मात बसत नाही. दर टप्प्याला दार लावून फट बघायची, त्याशिवाय पुढचा टाका मारायचा नाही. गॅस वेल्डिंग नको, पत्रा उष्णतेनं आकसतो. सीओटू वेल्डिंगनं थोडं थोडं, अंतर ठेवून. शेवटी पेटीच्या आत मेण फवारून घ्या. नुसता वरवर पत्रा ठोकून रंग मारून देणारे खूप भेटतील. गाडी सुंदर दिसेल, पण पहिल्या मोठ्या खड्ड्यात कळेल.

सिलचे सगळे थर इंग्लंडहून तयार मिळतात, तेवढे मागवा. ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीची नवी अख्खी बॉडीसुद्धा १९८८पासून मिळते, जुन्याच साच्यांवर केलेली. पण ती घेऊ नका, बॉडी बदलली की कागदांत अडचण येते. त्याचं कुणी जाणकारानं लिहा.

लातूरचे_वकील:
मीच लिहितो कागदांचं. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल केलेला नको. म्हणजे मारुतीचं इंजिन आलं की हा मार्गच बंद. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला मात्र परवानगी नाही.

आधी काकांच्या नावावरून वारसाच्या नावावर करा, फॉर्म ३१. जुनं आरसी बुक, आयातीचे कागद, विम्याची पावती, जे सापडेल ते जपा. इंग्लंडात गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून चेसिस नंबरवर हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. त्यात कारखान्याच्या नोंदीतला रंग आणि इंजिन नंबर असतो. पहिला पैसा त्यावर खर्च करा, कारण पुढचे सगळे निर्णय त्याच कागदावर ठरतील.

बीडचा_वायरमन:
१९६७पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला असतं. आपल्याकडचा कुणीही सवयीनं मायनस जोडतो. इंजिनाचे फेरे दाखवणारा इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटर असेल तर तो खराब होऊ शकतो. सीटमागं ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, त्या पेट्यांचा तळ हमखास सडलेला असतो, बघा. उंदरांनी खाल्लेलं वायरिंग जोडत बसू नका. जुन्याच रंगांच्या, कापडी वेष्टणाच्या तयार वायरिंगचा अख्खा संच मागवा.

पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल चालेल अशाच घ्या. आताच्या ई२० पेट्रोलनं जुनं रबर फुगतं आणि तडकतं. गरम इंजिनावर दोन एसयू कार्बोरेटर, त्यावर गळकी नळी, म्हणजे आग. ब्रेकची सगळी रबरं बदला, यात काटकसर नको.

परभणीकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. इंजिन नंबर १८जीबी निघाला. डाव्या दाराची फट जॅकवर स्पष्ट मिटते, म्हणजे सिल गेलीच. अजून दोन गोष्टी: सीटचं चामडं तडकलंय पण फाटलेलं नाही, बदलू का? आणि लालच्या खाली मूळ रंग कोणता, सर्टिफिकेट येईपर्यंत कसं ओळखू?

पत्रा_आणि_पाना:
चामडं बदलू नका. त्या काळच्या सीटना खरं चामडं होतं. शिवण धरून असेल तर साफ करून तेल-मलम मुरवा, आतला फोम तेवढा नवा घाला. काका बसले तेच चामडं राहू द्या.

रंगासाठी बॅटरीचं झाकण उघडा, डॅशबोर्डच्या मागं आणि डिकीच्या गालिच्याखाली बघा. वरवर रंग मारणारा तिथं पोचत नाही. सापडला की पॉलिश पेपरनं नाण्याएवढी जागा घासा, उन्हात फोटो काढा आणि इथं टाका. डॅशबोर्डचा सुरकुत्यांचा काळा रंग शाबूत असेल तर त्याला कुणाला ब्रश लावू देऊ नका.