स्लाइमला आळस म्हणणाऱ्यांना उत्तर

निशाचर
काल ताम्रपट यांनी लिहिलं, 'ड्रॅगन क्वेस्टचा स्लाइम म्हणजे निव्वळ आळस. १९८६ पासून तोच निळा थेंब, तेच हसू. रंग बदलायचा आणि नवा राक्षस म्हणून खपवायचा.' (नवख्यांसाठी: ड्रॅगन क्वेस्ट ही जपानी व्हिडिओ गेमची मालिका, स्लाइम हा तिच्यातला सगळ्यात साधा राक्षस.) रात्री झोप लागेना, म्हणून सविस्तर लिहितोय.

गेमचे निर्माते युजी होरींनी काढून दिलेलं कच्चं चित्र म्हणजे नुसता चिकट ढिगारा होता. त्याआधीच्या गेम्समधले स्लाइम तसेच असायचे, ओघळणारे, किळसवाणे. चित्रकार अकिरा तोरियामांनी त्याचा वर टोक असलेला थेंब केला, दोन गोल डोळे दिले, कानापर्यंत हसू दिलं. मोजक्या पिक्सेलांत लांबूनही ओळखू येईल असा प्राणी काढून बघा, मग आळसाबद्दल बोलू. आणि ताकद किती? ३ एचपी, म्हणजे प्राणशक्तीचे ३ पॉइंट. मारला तर अनुभवाचा १ पॉइंट. किल्ल्याबाहेर पडलं की आधी तोच भेटतो, आणि लढायचं कसं हे तोच शिकवतो.

ताम्रपट
पहिल्या गेमचं मान्य. अख्खी कार्ट्रिज ६४ केबीची, तिथे तीच आकृती लाल करून वापरली तर मी बोलणार नाही. पण आता जागेची काय कमी आहे? मी प्रत्येक नव्या भागाला पूर्ण पैसे मोजतो आणि पहिल्या मैदानात तोच थेंब उड्या मारत येतो.

निशाचर
आकृती तीच, पण वागणं बघा ना. चौथ्या भागात (१९९०) आठ स्लाइम एकमेकांवर चढतात आणि मुकुटवाला किंग स्लाइम होतो. त्याच भागात एक हीलस्लाइम, म्हणजे जखमा बऱ्या करणारा स्लाइम, सैनिकाबरोबर हिंडतो, कारण त्याला माणूस व्हायचंय. पाचव्यात (१९९२) स्लाइम आपल्या तुकडीत येतो. नेटाने ९९ लेव्हलपर्यंत नेला तर तोंडातून आगीचा लोळ सोडतो. मी नेलाय. अख्खी उन्हाळ्याची सुट्टी गेली.

मधलीसुट्टी
सगळं खरं, पण मारला तर भरघोस अनुभव देणाऱ्या त्या मेटल स्लाइमचं काय? तो शुद्ध छळ आहे. वार केला की १ नाहीतर ०, जादू चालत नाही, आणि दुसऱ्या वाराच्या आत पळतो. आठव्या भागात शेवटी नायकाच्या हातात भाला दिला, थंडर थ्रस्ट नावाचा वार शिकवला. लागला तर क्रिटिकल, म्हणजे जबर घाव, नाहीतर हवेत. दोन संध्याकाळींत लेव्हल वाढल्या.

खडकवासला_७
भाला ही पळवाट आहे. तलवारीनं खेळलात तर आठवा भाग कळतो.

मधलीसुट्टी
पळवाट? गेमनेच दिलंय ते.

खडकवासला_७
देईल हो, पण मेटल स्लाइमची मजा तो निसटण्यातच आहे. माझा मोठा भाऊ आणि मी पाळीपाळीने कंट्रोलर घ्यायचो. एकदा त्याच्या पाळीला क्रिटिकल लागला तेव्हा आई ओरडत आली, काय पडलं म्हणून. भाल्यानं हे होत नाही.

मधलीसुट्टी
तुमच्याकडे भाऊ होता, वेळ होता. मी रात्री नऊला घरी येते, मुलीचा अभ्यास घेते, मग पाऊण तास हातात उरतो. त्या पाऊण तासात ती चांदीची पिटुकली तीनदा पळाली तर मला रडू येतं. तुम्ही मला खेळ कसा खेळायचा हे शिकवू नका.

खडकवासला_७
शिकवत नाहीये ताई. पण मग सोपं सगळंच मागाल. नव्या आवृत्त्यांत अडचणीची पातळी निवडता येते, तिथूनच वाट लागलीय.

ताम्रपट
माझा प्रश्न भाल्याचा नव्हता.

योकोहामाकर
तुमचं उत्तर माझ्या घरात आहे. आम्ही इथे आलो तेव्हा मुलगा दुसरीत होता, जपानी शून्य. दोन महिने वर्गात कुणाशी बोलला नाही. एकदा वहीच्या कोपऱ्यात त्याने स्लाइम काढला. शेजारच्या बाकावरच्या मुलीने पेन्सिल घेतली आणि त्याच्यावर मुकुट काढला. ती वही मी ठेवलीय, मुकुट जरा डावीकडे कललाय. दर भागात नवा राक्षस आणला असता तर त्या मुलीला ते चित्र ओळखता आलं असतं का? घरोघरी माहीत व्हायला इतकी वर्षं तोच चेहरा लागतो.

ताम्रपट
यावर मी काय बोलणार? बरं, निळा राहू द्या. आळस हा शब्द मागे घेतो, तोही फक्त निळ्यापुरता. पण रंग बदलून आणलेल्या बाकीच्या पन्नास राक्षसांबद्दल माझं मत तेच आहे. निशाचर, त्यावर तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही.

निशाचर
त्याबद्दल तुमचं बरोबर आहे. ते राक्षस मलाही आवडत नाहीत.

मधलीसुट्टी
खडकवासला, एवढंच सांगा. आठव्या भागात, प्लेस्टेशन २ वर, तलवारीत घातलेले कौशल्याचे पॉइंट परत मिळत नाहीत. सगळे तिथे घालून बसलेल्या माणसाने मेटल किंग, म्हणजे मेटल स्लाइमचा राजा, मारायचा कसा?

खडकवासला_७
नायकाच्या साथीदाराला, यांगसला कुऱ्हाड द्यायची. तिलाही तसाच वार आहे.

मधलीसुट्टी
म्हणजे पळवाटच की.