आजीकडून सीमाभागातल्या जुन्या आठवणी रेकॉर्ड करतोय, विचारायचं कसं?

बेळगावी_नातू:
नमस्कार मंडळी. माझं गाव बेळगाव तालुक्यात, पश्चिमेला, चंदगडच्या वाटेवर. नोकरीसाठी पुण्यात असतो. आजी आता ८६ ची आहे. आजोबा गेले तेव्हा त्यांच्या डोक्यात होतं ते सगळं त्यांच्याबरोबरच गेलं, ती चुटपुट अजून आहे, म्हणून गेल्या दोन सुट्ट्यांत आजीचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करायला घेतलंय.

अडचण अशी की मला हवं ते ती बोलतच नाही. मी विचारलं, "आजी, १९५६ ला आपला भाग म्हैसूर राज्यात घातला तेव्हा काय वाटलं?" तर म्हणाली, "काय वाटायचं रे, कामं होती." मोर्चे विचारले, १७ जानेवारीचे हुतात्मे विचारले, १ नोव्हेंबरचा काळा दिन विचारला, तर "ते बाप्या माणसांस्नी म्हाईत." आणि मी जरा गप्प बसलो की आपणहून रताळ्याच्या वेलावर अर्धा तास बोलते.

दुसरं म्हणजे ती ठामपणे सांगते की राज्य बदललं तेव्हाच आणे गेले आणि नवे पैसे आले. मी बघितलं तर नवे पैसे १ एप्रिल १९५७ चे, म्हणजे पाच महिन्यांनी. हे दुरुस्त करून लिहायचं का?

तिसरं, टाईप करताना गोंधळ होतोय. ती "मी बाजारला गेलतो" म्हणते, आपल्याकडच्या सगळ्याच म्हाताऱ्या बायका म्हणतात तसं, मी ते "गेले होते" असं केलं. बरोबर केलं का? कुणी असं काम केलं असेल तर सांगा.

घटप्रभाकाठ:
बाळ, मी निवृत्त मास्तर आहे, हुक्केरी तालुक्यातला, मराठी शाळेत शिकवण्यात जन्म गेला. तुझ्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तो वाचून जीव कळवळला. "गेलतो" चं "गेले होते" करू नको रे. आमच्या आईचीही भाषा तीच होती, "मी आलो, मी जेवलो" म्हणायची. "पण" च्या जागी "खरं", "करतोय" च्या जागी "करूलालोय", ही सगळी आपल्या भागाची खूण आहे आणि ती पुस्तकात कुठं सापडत नाही. तू पुण्याची भाषा करून ठेवलीस तर तिच्या नातवंडांना आजीचा आवाज कसा कळणार? जे केलंस ते परत ऐकून मूळ कर, वेळ लागला तरी चालेल.

आता तारखांचं. म्हाताऱ्या माणसाला १ नोव्हेंबर १९५६ विचारून काही उपयोग नाही, इंग्रजी तारखेवर त्या काळी कोण जगत होतं. कॅलेंडर काढून बघ, त्या वर्षी १ नोव्हेंबर ऐन दिवाळीत आला होता, दुसऱ्या दिवशी २ तारखेला अमावस्या. म्हणजे लग्न त्याच सुमाराचं असेल तर तिला विचारायचं ते असं, लग्नानंतरची पहिली दिवाळी कुठं केलीस, सासरी का माहेरी, भात कापून झालं होतं का, खळ्यावर कोण होतं. त्या दिवाळीत शिरलं की बाकीचं आपोआप बाहेर येतं.

आणखी एक, "महाराष्ट्र" हा शब्द वापरू नको. १९५६ ला महाराष्ट्र राज्य कुठं होतं? ते झालं १ मे १९६० ला. आपण मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो, आणि म्हैसूरचं कर्नाटक झालं १९७३ ला. आमचे वडील शेवटपर्यंत "मुंबई सरकार" आणि "म्हैसूर सरकार" असंच म्हणायचे. तू "कर्नाटकात गेलो तेव्हा" असं विचारलंस तर ती कदाचित ७३ सालात जाऊन शोधत बसेल.

निपाणीची_लेक:
मास्तरांशी पूर्ण सहमत. माझा अनुभव सांगते. माझ्या आईनं निपाणीत पस्तीस वर्षं विड्या वळल्या, हजार विड्यांवर मजुरी. तिला समोर बसवून फोन तोंडासमोर धरला तर ती शाळेतल्या पोरीसारखी अवघडून बसायची, होय नाही एवढंच. मग एकदा मी सूप आणून तिच्या मांडीवर ठेवलं, तंबाखू नाही, नुसतं रिकामं सूप आणि थोडी वाळलेली पानं आणि कातर. तिचे हात लगेच चालायला लागले, पत्र्याचा फर्मा नसतानाही पान बरोबर त्याच मापाचं कापलं गेलं, आणि मग तोंड सुटलं ते दीड तास.

त्यात कन्नड बोलणारी मैत्रीण आली, तिच्याशी "ऊट आयता" (जेवण झालं का) एवढ्यावर सुरू झालेली ओळख पुढं बाळंतपणाला धावून येण्यापर्यंत गेली ते आलं, शेजारच्या मुसलमान बाईनं दिलेला शीरकुर्मा आला. कारखान्यात छाट काढायचे म्हणजे विड्या खराब म्हणून बाजूला टाकायचे, त्याचे पैसे नाहीत आणि विड्याही परत नाहीत, ते सांगताना तिचा आवाज बदलला. मी आधी कित्येकदा विचारलं होतं आई तुमच्यावर अन्याय व्हायचा का, तर म्हणायची नाही ग, चांगलं होतं. शब्दच चुकीचा होता माझा. "छाट किती जायची" असं विचारायला पाहिजे होतं.

१९८१ चं तंबाखू आंदोलनही असंच आलं. शरद जोशींचं भाषण वगैरे तिला आठवत नाही, खरं हायवेवर बसलेल्या शेतकऱ्यांसाठी गल्लीतनं भाकऱ्या गोळा केल्या, कुणाच्या घरातनं किती आल्या हे तिला पाठ आहे. आणि एप्रिलमध्ये गोळीबार झाला त्या दिवशी चुलीवर काय होतं तेसुद्धा.

म्हणून नातूभाऊ, रताळ्यावर बोलते म्हणून कंटाळू नका. रताळ्यातच आहे सगळं.

बेळगावी_नातू:
ताई, सूपाची आयडिया डोक्यात बसली. आणि मास्तर, ते ऐन दिवाळीचं मला माहीतच नव्हतं. सगळं "गेलतो" परत घालतो. पैशांचं काय करू?

घटप्रभाकाठ:
पैशांचं तसंच ठेव. खाली तुझ्या शब्दांत एक ओळ लिही की नवे पैसे एप्रिल १९५७ चे. तिचं वाक्य मात्र खोडू नको. तिच्या मनात राज्य बदलणं आणि रुपयाचे सोळा आण्यांचे शंभर पैसे होणं ही एकच गोष्ट आहे, कारण दोन्हीनं तिचा बाजारचा हिशोब बिघडला. पाठोपाठ पायली-शेर जाऊन किलो आला. माझ्या आईला तर वाटायचं की किलोपण म्हैसूर सरकारनंच आणला. ही चूक नाही, तिला ते सगळं कसं लागलं हे त्यातनं दिसतं. हे तुला कुठल्या सरकारी कागदात मिळणार नाही.

चंदगडचा_वाटसरू:
मी पलीकडचा. आमचा चंदगड तालुका ५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, मग कोल्हापूरला जोडला. सगळे सीमाभाग म्हणजे फक्त तुमच्या बाजूचा असं धरून चालतात, खरं आमच्या म्हाताऱ्यांना विचारा की एका दिवाळीत जिल्ह्याचं गाव बदललं म्हणजे काय. बेळगावला सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं, आणि आता कोर्टाची तारीख कोल्हापूरला, शंभरेक किलोमीटर, म्हणजे मुक्काम, म्हणजे कुणातरी पाव्हण्याच्या घरी उतरायचं, म्हणजे जाताना तांदूळ न्यायचे. आमचे आजोबा एका बांधाच्या केससाठी किती वर्षं गेले असतील याचा हिशोब नाही. कागद कोल्हापूरचे आणि बाकी सगळं बेळगावचं, दवाखाना, लग्नाची साडी, रताळ्याचा बाजार. अजूनही तसंच आहे.

तुमच्या आजीचं माहेर आमच्या बाजूला आहे का हे आधी विचारा. असेल तर तिची खरी सीमा तिथं आहे. आमच्या आत्याला बेळगावकडं दिलेली. तिच्या पोरांची पुस्तकं मराठी पण वेगळी, आमची वेगळी, सुट्टीत एकत्र आलो की एकमेकांचे धडे वाचायचो. दहावीला आम्ही एसएससी म्हणायचो आणि ते एसएसएलसी, त्यावरनं भांडायचो की अवघड कुणाची. अशा गोष्टी विचारा.

लोंढा_जंक्शन:
खानापूर तालुक्यातनं लिहितोय, वडील रेल्वेत. थोडं वेगळं आहे, खरं उपयोगी पडेल. आमच्याकडं जुनी माणसं "हद्द" म्हणाली की त्यांच्या डोळ्यासमोर बेळगाव-महाराष्ट्र नसतं, गोवा असतो. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत तिथं पोर्तुगीज होते. कॅसलरॉकला आपली हद्द संपायची, पुढं घाट उतरून कुळ्याला त्यांची सुरू. १९५५ ला तर गाडीच बंद झाली. ज्यांच्या बहिणी तिकडं दिलेल्या त्यांची सहा वर्षं गाठभेट नाही. आमच्या आजीची एक बहीण तिकडं होती, तिला मुलगा झाल्याचं आजीला कळलं तेव्हा तो चालायला लागला होता.

मी पहिल्यांदा "सीमाप्रश्न" म्हणून विचारलं आणि आजी गोव्याचं सांगत बसली, मला वाटलं विषय सोडून बोलतेय, मी रेकॉर्डिंग थांबवलं. ती त्यानंतर चार महिन्यांत गेली. तेवढं करू नका. रेकॉर्डिंग थांबवू नका, फोनमध्ये जागा नसेल तर आधी करून घ्या, आणि त्याच रात्री फाईल दुसरीकडं कॉपी करा. फाईलच्या नावात तारीख, गाव आणि माहेर घाला. आणि दुसऱ्यांना ऐकवणार असाल तर तिला विचारा, काही गोष्टी जावांच्या असतात, घराबाहेर जायच्या नसतात.

बेळगावी_नातू:
दोन आठवड्यांनी लिहितोय, गावाला जाऊन आलो. माहेर खरंच चंदगडकडचं निघालं, मला नावानं माहीत होतं पण तालुका कधी डोक्यात आला नव्हता.

ताईंचं ऐकून फोन बाजूला पोत्यावर ठेवला आणि तिच्यासोबत शेंगा फोडायला बसलो. म्हटलं, आजी, लग्नानंतरची पहिली दिवाळी सांग. आता जसं बोलली तसंच टाकतो, तिला विचारून:

"पयल्या दिवाळीला म्हायेराला गेलतो. पाडव्याला अंगणात शेणाचे पांडव घालूलालतो. दादा आला मला न्यायला, आणि आमच्या बाबांस्नी म्हणाला, आता तुमची लेक दुसऱ्या राज्यात हाय. बाबा हसले. आई नाही हसली. तिनं पांडवाजवळची पायली उचलली, पायलीभर तांदूळ घातले आणि वर आणि एक मूठ घातली. मी म्हटलो, आई हे का जास्ती, तर म्हणाली, लांब चाललीस. खरं गाव तेच होतं, वाट तीच होती. दोन कोस."

मग बराच वेळ काहीच बोलली नाही, नुसत्या शेंगा फुटल्याचा आवाज आहे रेकॉर्डिंगमध्ये. तो तसाच ठेवलाय.

घटप्रभाकाठ:
ठेवलास ते बरं केलंस. ती पायली घरात आहे का अजून? असेल तर आजीच्या हातात देऊन फोटो काढ, आणि बुडाला बघ, काही छाप असेल तर तोही.

बेळगावी_नातू:
आहे मास्तर, माळ्यावर, पितळेची. पुढच्या शनिवारी उतरवतो.