आर्द्रतेच्या टक्क्यांपेक्षा दवबिंदू बघा
आर्द्रता ७० टक्क्यांपुढे गेली की हवा त्रासदायक, असं म्हटलं जातं. नुसत्या टक्क्यांवरून ते ठरत नाही, कारण टक्केवारी तापमानाबरोबर बदलते. १० अंश सेल्सिअसला १०० टक्के आर्द्रता असली तरी घनमीटरभर हवेत जेमतेम साडेनऊ ग्रॅम बाष्प असतं. ३५ अंशांना ५० टक्क्यांतच जवळपास २० ग्रॅम! म्हणून दवबिंदू बघा, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाली की तिच्यातल्या बाष्पाचं दव होऊ लागतं ते तापमान. तो १६ अंशांखाली असला तर घाम चटकन वाळतो, २१ च्या वर चिकचिक जाणवते, २४ नंतर सावलीतही जीव नकोसा होतो. तेव्हा वारा हवाच. मात्र हवा त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांहून गरम झाली की पंख्याचा फायदा घटत जातो. रात्री खिडक्या उघडण्याआधी बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा कमी आहे ना, हे जरूर तपासा. नाहीतर गारव्यासोबत दमटपणाही घरात येतो.