पहिली ते चौथीच्या मुलांकडे वर्गातले निर्णय कसे सोपवावेत?

प्रश्न : प्राथमिक शिक्षिका, सत्तरी

नमस्कार. मी गोव्यातील सत्तरी तालुक्यातील एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. पहिली ते चौथी मिळून सतरा मुले आहेत आणि ती एकाच खोलीत बसतात. यंदा सरस्वतीपूजनाला नाटुकले बसवायचे की फुगड्या घालायच्या, हे मुलांनीच ठरवावे असे वाटले, म्हणून मी हात वर करायला सांगितले. नाटुकल्यासाठी बारा हात वर आले. पण पहिलीतला एक मुलगा मागे वळून चौथीतल्या आपल्या भावाकडे पाहत राहिला आणि भावाचा हात वर गेल्यावरच त्याने आपला हात वर केला. इतर लहान मुलांचेही थोडेफार तसेच झाले. म्हणजे निर्णय सतरा जणांचा झालाच नाही, तो चौथीतल्या तिघांचा झाला, आणि ही गोष्ट तेव्हापासून मला सलते आहे.

शालेय मंत्रिमंडळाची प्रथा आपल्याकडे आहे, परंतु शपथविधी उरकला की मंत्र्यांकडे बहुधा रांगा लावण्याचेच काम उरते. मला तेवढ्यावर थांबायचे नाही. या वयाच्या मुलांकडे कोणते विषय सोपवावेत आणि मतदान गुप्त घ्यावे का, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापक, पेडणे

बाई, मतदान गुप्तच घ्या. मात्र चिठ्ठ्या नकोत, कारण पहिलीच्या मुलाला लिहिता येत नाही. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात आपल्या आजी-आजोबांनी फूल आणि दोन पाने या चिन्हांवरूनच मत दिले होते. निरक्षर माणसाचे मतही तितक्याच वजनाचे ठरले ते त्यामुळे. मी कपाटाआड दोन करवंट्या ठेवत असे, प्रत्येकीसमोर एक चित्र, आणि प्रत्येक मुलाच्या हाती एक चिंचोका.

एकदा शाळेमागच्या वाफ्यात भेंडी लावायची की झेंडू, यावर मत घेतले. दुसरीतली एक मुलगी कपाटाआड जाऊन मूठ मिटलेलीच ठेवून परत आली. विचारल्यावर म्हणाली, "सर, म्हाका दोनूय जाय" (मला दोन्ही हवीत). तेव्हा माझ्या ध्यानात आले की मी आधी मुलांना बोलूच दिले नव्हते. मग सगळी गोल बसली, वाफा केवढा आहे ते मोजले गेले, दोरी धरून त्याचे दोन भाग केले आणि चिंचोके परत डब्यात गेले. म्हणून माझा आग्रह असा की आधी प्रत्येकाने, धाकट्यापासून सुरुवात करून, आपले म्हणणे सांगावे. बोलून प्रश्न सुटलाच नाही तर करवंट्या मांडाव्यात.

उत्तर : पालक, फोंडा

सरांच्या म्हणण्यात थोडी भर घालते. माझ्या मुलीच्या वर्गात अकरा मुलगे आणि सहा मुली आहेत. मोकळ्या तासाला कोणता खेळ खेळायचा यावर दर वेळी मत घेतले जाते आणि दर वेळी क्रिकेटच येते. मतदान चोख होते, तरीही त्याच सहा जणी प्रत्येक वेळी हरतात आणि आता त्या मत द्यायलाही उत्सुक नसतात. अशा ठिकाणी मोजणी नको, पाळी लावावी, आणि ती पाळी बहुमताने रद्द करता येऊ नये.

उत्तर : माजी पंच, बार्देश

रविवारच्या ग्रामसभेत लोक पोटतिडकीने बोलतात, ठराव लिहून घेतला जातो आणि पुढच्या सभेपर्यंत त्याचे काहीच झालेले नसते, हे मी अनेकदा पाहिले आहे. दोन-तीनदा असे झाले की माणसे येणे सोडतात. मुले तर त्याहून लवकर सोडतील. म्हणून जे आपल्या हातात नाही ते मुलांना विचारू नये. माध्यान्ह आहारात काय यावे हे बाई ठरवू शकत नाहीत, पण वाढायला कोण, कोणी कुठे बसायचे, हे मुलांवर सोपवता येते.

भारताने १९९२ साली स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या कलम १२ प्रमाणे मुलाच्या मताला त्याचे वय आणि समज पाहून महत्त्व द्यायचे असते. प्रत्येक मागणी मान्य करावी, असे त्यात नाही. शिवाय शिक्षणहक्क कायदा, २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. मुलांचे म्हणणे तिथे मांडावे, आणि उत्तर नकाराचे असले तरी ते कारणासह वर्गात येऊन सांगावे.

शिक्षिका, सत्तरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल मुलांना गोलात बसवून पहिलीपासून सुरुवात केली. भावाकडे पाहणारा तो मुलगा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला की पाण्याच्या नळापर्यंत आपला हात पोहोचत नाही, म्हणून तो दुपारपर्यंत पाणीच पीत नाही. मी दोन वर्षे या शाळेत असूनही हे मला ठाऊक नव्हते. चौथीतल्या मुलांनी लगेच नळापाशी ठेवायला एक फळकूट शोधून आणले, पण ते डगमगते. शनिवारी समितीची बैठक आहे. तिथे तिसरीतली एक मुलगी हा विषय मांडणार आहे, आणि नळ किती उंच आहे ते तो मुलगा स्वतः हात वर करून दाखवणार आहे.